तोवर सावकाश चालवतो

गाड्यांचा शौक असलेल्या पोरांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं. "आत्ता मोठा टर्बो बसवून घेतो, ट्यूनिंग पुढच्या महिन्यात. तोवर सावकाश चालवतो." बोलणारा खोटं बोलत नसतो. वर्षभर साठवलेले पैसे टर्बोत आणि मजुरीत संपतात, लॅपटॉपवाल्याला द्यायला उरत नाहीत. टर्बो ही हातात धरता येणारी, चकचकीत वस्तू आहे. मित्राला दाखवता येते. ट्यूनिंग म्हणजे कॉम्प्युटरमधली एक फाईल, ती कुणाला दाखवणार? त्यामुळे वस्तू आधी येते आणि फाईल राहून जाते.

यंदा हे वाक्य माझ्या सख्ख्या भाच्याने मला ऐकवलं. तो पुण्यात नोकरी करतो. 2017 ची पोलो जीटी टीएसआय त्याने सेकंडहँड घेतली आहे, हप्ते अजून चालू आहेत. महिन्यातून दोनदा तो सांगलीला येतो. येताना धाकटी बहीण बरोबर असते, तीही पुण्यातच शिकते. परत जाताना कधी कधी आपाही असते, म्हणजे माझी थोरली बहीण. तेव्हा "माझी गाडी आहे, माझं मी बघेन" हे त्याचं म्हणणं मला पुरतं मान्य नाही. त्या गाडीत आमच्या घरातली तीन माणसं असतात.

"मामू, सावकाश चालवली तर काय होतंय?" असं त्याने विचारलं. प्रश्न चांगला आहे. "नको म्हटलं ना" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, हे मला शाळेबाहेर लागणाऱ्या गाड्या पाहूनही कळतं.

आमच्या अब्बांचं सांगलीत शंभर फुटी रस्त्याला गॅरेज होतं. अब्बा गेले, आता त्यांचे शागीर्द ते चालवतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मी शिकलो आणि विज्ञानाचा मास्तर झालो. हाताला ग्रीस फारसं लागलं नाही, पण लहानपण तिथेच गेल्यामुळे इंजिनाचा आवाज कानात बसला. अब्बांच्या काळात ट्यूनिंग या शब्दाला गूढ असं काही नव्हतं. अॅम्बेसेडर किंवा पद्मिनी दारात आली की ते कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून मिक्चर लावायचे, डेल्को थोडा ढिला करून हाताने फिरवायचे आणि टायमिंग जुळवायचे. मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून एक चक्कर. चढावर गाडी टिकटिक करते का, हे कान देऊन ऐकायचे. केली तर परत येऊन डेल्को केसभर मागे.

पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, या दोनच गोष्टी ते ठरवत होते. आज त्याच दोन गोष्टी ईसीयू नावाचा कॉम्प्युटर ठरवतो, फक्त सेकंदाला कितीतरी वेळा. टर्बो या दोन्हींपैकी काहीच ठरवत नाही, तो फक्त हवा देतो.

त्याचं काम सोपं आहे. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एका छोट्या पंख्यावर सोडायचा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याच्या या कल्पनेचं पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली घेतलं. छोट्या गाडीतल्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जाऊ शकतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणून तेलाच्या नळीत कचरा राहिला तर नवाकोरा टर्बोही महिनाभरात आवाज करू लागतो. पण तो बसवणाऱ्याच्या हाताचा प्रश्न झाला. आपण धरून चालू की बसवणारा निष्णात आहे.

आता हिशोब बघा. पेट्रोल पूर्ण जळायला एका ग्रॅमला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. पण चढावर पूर्ण ताकद मागितली की ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, समजा 12.5 ग्रॅम हवेला एक ग्रॅम. ते जादा पेट्रोल वाया जात नाही. त्याची वाफ होताना ते सिलिंडरमधली उष्णता शोषतं, पिस्टनला आणि व्हॉल्व्हला थंड ठेवतं. समजा ईसीयूच्या हिशोबाने 100 ग्रॅम हवा आली, तर तो 8 ग्रॅम पेट्रोल देईल. नव्या टर्बोमुळे प्रत्यक्षात 115 ग्रॅम हवा शिरली, पण ईसीयूला ती कळली नाही. पेट्रोल तेवढंच, 8 ग्रॅम. प्रमाण झालं 14.4. म्हणजे सर्वांत जास्त आग पेटते त्या क्षणी थंड करणारं पेट्रोल गायब.

ईसीयूला कसं कळत नाही, असं पोरं विचारतात, सेन्सर असतात ना? असतात. पण बऱ्याच गाड्यांत हवा थेट मोजली जात नाही. इनटेकमधला दाब, तापमान आणि इंजिनाचे आरपीएम पाहून ईसीयू हवेचा अंदाज बांधतो. त्या दाबाला, त्या आरपीएमला सिलिंडर किती भरतो, याचं कोष्टक कारखान्याने जुन्या टर्बोवर चाचण्या घेऊन लिहिलेलं असतं. नवा टर्बो वेगळ्या मापाचा असतो. त्याच्या पंख्यातून धूर वेगळ्या तऱ्हेने निसटतो, तेव्हा त्याच दाबाला सिलिंडर आता वेगळा भरतो. शिवाय दाबाचा सेन्सर ठरावीक आकड्यापर्यंतच मोजतो. त्यापुढे दाब कितीही चढो, त्याचा काटा तिथेच.

ठिणगीचंही तसंच कोष्टक असतं. आडवं आरपीएम, उभा इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा: पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी टाकायची. जेवढी हवा जास्त, तेवढी ठिणगी उशिरा टाकावी लागते. कारखान्याने जास्तीत जास्त जेवढा भार धरला, तिथे कोष्टक संपतं. त्याहून जास्त हवा आली तर ईसीयू शेवटच्या रकान्यातला आकडा वापरतो. तो आकडा कमी हवेसाठीचा असतो, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडते. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोटाचा दाब त्याच्या डोक्यावर. सिलिंडरच्या कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण त्या दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा तो आवाज. अब्बा कान देऊन ऐकायचे ती टिकटिक हीच.

चाचांच्या गॅरेजमध्ये फळीवर एक पिस्टन ठेवलेला आहे. गिऱ्हाईक नवं असेल तर त्याला तो ॲशट्रे वाटतो. दोन वर्षांपूर्वी एक तरुण गाडी टोचन करून घेऊन आला होता. गाडी कुठली, टर्बो कुठे बसवला, हे इथे महत्त्वाचं नाही. तीन आठवडे मजेत फिरला होता. एक दिवस चढावर जोरात दाबल्यावर काहीतरी "टक्" झालं, मागून निळा धूर, आणि इंजिन थरथरायला लागलं. चाचांनी कॉम्प्रेशन तपासलं. तीन सिलिंडर अकरा-बारा बार दाखवत होते, चौथा चार. हेड उघडलं. पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधला जो अॅल्युमिनियमचा कडा असतो, त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा निघून गेला होता. तो तुकडा बाहेर जायला वाट नाही, त्याने बोअर वरून खालपर्यंत ओरबाडला होता. ब्लॉक, पिस्टन, रिंगा, हेडचं काम, मजुरी धरून बिल टर्बोच्या किमतीच्या तिप्पट झालं. टर्बो मात्र धडधाकट होता. पोराने तोच विकून बिलाचा पहिला हप्ता भरला.

चाचांनी तेव्हा त्याला सांगितलेलं मला पाठ आहे. "बेटा, हवा बढाया तो पेट्रोल बी बढाना पडता. और आग कब लगानी, वो बी फिरसे देखना पडता. तू एकीच काम करके आया."

आता भाच्याचा मूळ प्रश्न. सावकाश चालवली तर?

या युक्तिवादात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो घातक आहे. हलक्या भाराला टर्बो फारसा फिरत नाही. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने, पायाखाली पेडल जेमतेम दाबलेलं, अशा वेळी इनटेकमध्ये दाब नसतोच, उलट पोकळीच असते. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलचं प्रमाण बघत असतो आणि ईसीयू थोडी कमी-जास्त दुरुस्ती करत राहतो. गाडी गुळगुळीत चालते. चेक लाईट लागत नाही. पहिले आठ दिवस असे गेले की मालकाची खात्री पटते, ट्यूनिंगची एवढी काही घाई नाही. फळीवरच्या पिस्टनचा मालकसुद्धा तीन आठवडे हेच म्हणत होता.

गोची "सावकाश" या शब्दात आहे. आपण सावकाश म्हणतो ते स्पीडोमीटरकडे पाहून. इंजिनाला वेग कळत नाही, त्याला भार कळतो. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा घाट चढायचा आहे. गाडीत चार माणसं, डिकीत बॅगा आणि आपाने दिलेले डबे, एप्रिलची दुपार, एसी पूर्ण. पुढे ट्रक. काटा चाळीसवर. मागच्या सीटवरच्या माणसाला वाटतं, पोरगं किती सांभाळून चालवतंय. पण त्या चाळीसला इंजिन आपली जवळजवळ सगळी ताकद लावत असतं, आणि टर्बो पूर्ण दाब भरत असतो. कोष्टकाचा शेवटचा रकाना शंभरच्या वेगाला येतो असं कुणी समजू नये, तो घाटात चाळीसलाच येतो.

त्यात लहान इंजिनाची आणखी एक खोड आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत, कमी आरपीएम आणि जास्त भार असताना, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार कधी कधी होतो. नेहमीच्या नॉकिंगपेक्षा हा फटका कितीतरी जबर असतो, एकाच दणक्यात पिस्टन जाऊ शकतो. वरच्या गिअरमध्ये, आरपीएम न वाढवता, "इंजिनाला त्रास नको" म्हणून रेटत नेणं, ही आपल्याकडची सावकाश चालवण्याची पद्धत. ती नेमकी याच पट्ट्यात येते.

कंपनीने काही संरक्षण ठेवलेलं नसतं का? ठेवलेलं असतं. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, अब्बांच्या कानाचं काम आता तो करतो. नॉकिंग जाणवलं की ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश मागे घेतो. पण त्याचं काम अधूनमधून सावरण्याचं आहे. खराब पेट्रोल भरलं गेलं, हवा फार तापली, अशा दिवसांसाठी ते आहे. रोज, प्रत्येक चढावर, कायमचं मागे घेऊन चालवायला ते केलेलं नाही. ठिणगी उशिरा पडली की जळणं उशिरापर्यंत चालतं आणि धूर जास्त गरम होऊन बाहेर पडतो. तो गरम धूर जातो कुठे? थेट नव्या टर्बोच्या पंख्यावर. पिस्टन वाचवताना टर्बो आणि व्हॉल्व्ह भाजतात.

दुसरं संरक्षण म्हणजे गाडीने अंग चोरणं. मागितल्यापेक्षा दाब जास्त झाला, पेट्रोलचा दाब पडला, असं काही दिसलं की ईसीयू ताकद कापतो. गॅरेजच्या भाषेत गाडी लिम्पमध्ये जाते. टर्बोचा दाब आवरण्यासाठी वेस्टगेट नावाची एक झडप असते. तिची स्प्रिंग किती कडक आहे आणि ती कधी, किती उघडायची, हे जुन्या टर्बोप्रमाणे ईसीयूत लिहिलेलं असतं. नव्या टर्बोची स्प्रिंग वेगळी असली की दाब एकदम उसळतो. इंजिन वाचतं हे खरं. पण हे कधी घडतं? पूर्ण ताकद मागितल्यावर, म्हणजे ट्रकला ओलांडताना. मोठ्या टर्बोला फिरायला वेळ लागतो, त्यामुळे पेडल दाबल्यावर आधी काहीच होत नाही, मग एकदम धक्का, आणि त्याच क्षणी ताकद कापली जाते. दुपदरी रस्त्यावर समोरून एसटी येत असताना हे झालं तर इंजिन शाबूत असल्याचा काय उपयोग? पैशाच्या नुकसानीपेक्षा मला याची जास्त धास्ती आहे, आणि भाच्याशी बोलताना मी आधी हेच सांगितलं.

त्याच्या गाडीची दोन दुखणी वेगळी आहेत. त्या 1197 सीसीच्या इंजिनाची कारखान्यातली ताकद 105 पीएस आणि टॉर्क 175 न्यूटन मीटर. टर्बो विकणारा सांगत होता, 160 होईल. मला 160 चं काही वाटलं नाही, पण वाढलेल्या हवेला पेट्रोल पुरवणारा हाय प्रेशर पंप तोच राहणार, त्याचं बोलणं कुणीच काढलं नाही. पंपाची एक हद्द असते. त्यात आता आपलं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला ते जास्त सोडावं लागतं. पंपाची जी थोडी शिल्लक होती, त्यातली काही तिथेच गेली. दुसरं दुखणं गिअरबॉक्सचं. सात गिअरचा तो ड्राय क्लचचा डीएसजी 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. क्लच किती घट्ट धरायचा, हे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनाच्या कॉम्प्युटरला विचारून ठरवतो. ईसीयूचा हिशोब चुकीचा असेल तर तो सांगणार 170 आणि येणार 210. गिअरबॉक्स 170 च्या अंदाजाने धरणार, क्लच घसरणार, तापणार. इंजिनाला काही झालं नाही तरी ते बिल आहेच.

हे सगळं गल्लीतल्या जुगाडाचं दुखणं आहे, मोठ्या कंपन्यांना असं होत नाही, असं कुणाला वाटेल. अमेरिकेतल्या ऑल्डस्मोबाइल कंपनीने 1962 साली जेटफायर नावाची गाडी काढली. टर्बो असलेल्या जगातल्या अगदी पहिल्या विक्रीच्या गाड्यांतली ती एक. 215 घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं इंजिन, आणि 215 हॉर्सपॉवर. अडचण अशी की इंजिनाचं कॉम्प्रेशन होतं 10.25, टर्बोशिवायच्या गाडीला शोभणारं. त्यावर टर्बोचा दाब घातल्यावर नॉकिंग होणार हे इंजिनिअरांना ठाऊक होतं. कॉम्प्युटर तेव्हा नव्हता. त्यांनी इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायची सोय केली, त्यासाठी वेगळी टाकी दिली आणि द्रवाला नाव दिलं टर्बो रॉकेट फ्लुइड. टाकी रिकामी झाली की दाब आपोआप कमी होईल अशी झडपही ठेवली. इतकं सगळं करूनही गाडी चालली नाही. लोक टाकी भरायलाच विसरायचे, मग गाडी पळत नाही म्हणून शोरूममध्ये येऊन भांडायचे. दोन वर्षांत दहा हजारांच्याही आत गाड्या बनल्या, आणि पुढे कंपनीनेच कित्येकांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले. स्वीडनच्या साबने 1978 मध्ये 99 टर्बो बाजारात आणली. पुढे काही वर्षांतच त्यांनी नॉक सेन्सर लावून, नॉकिंग ऐकू आलं की टर्बोचा दाबच कमी करणारी यंत्रणा काढली. तेव्हापासून टर्बो आणि त्याच्यावर कान ठेवणारा मेंदू एकत्रच विकले जातात. आपली पोरं त्या जोडीतला एक बदलतात आणि दुसरा तसाच ठेवतात.

बरं, ट्यूनिंग म्हणून बाजारात जे मिळतं त्यातही निवड करावी लागते. लॅपटॉप जोडून दहा मिनिटांत "स्टेज वन" फाईल टाकून देणारे पुष्कळ आहेत. ती फाईल जुन्या टर्बोसाठी असते, नव्या टर्बोवर ती घालणं म्हणजे चुकीच्या कोष्टकाऐवजी दुसरं चुकीचं कोष्टक. काही फायली युरोपातल्या 98 ऑक्टेनच्या पेट्रोलवर आणि तिथल्या थंडीत लिहिलेल्या असतात. आपल्या पंपावरचं पेट्रोल आणि मिरजेचा मे महिना त्यांच्या लेखकाने पाहिलेला नसतो. खरं ट्यूनिंग त्याच गाडीवर, त्याच टर्बोवर, डायनोवर होतं. कमी दाबापासून सुरुवात करायची, एकेक पायरी वर जायचं, दर पायरीला हवा-पेट्रोलचं प्रमाण, पेट्रोलचा दाब, प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे आली ते बघायचं, आणि जिथे गाडी कुरकुरते तिथे थांबायचं. टॉर्कचा हिशोब दुरुस्त करायचा, म्हणजे गिअरबॉक्सला खरं कळेल. त्यात अर्धा-पाऊण दिवस जातो. चाचा म्हणतात की पोरांना टर्बोचे पैसे द्यायला काही वाटत नाही, पण या अर्ध्या दिवसाचे पैसे डोळ्यात खुपतात.

चाचांना स्वतःला लॅपटॉप येत नाही. आमच्या गॅरेजमधल्या बहुतेक उस्तादांची हीच गत आहे. दहाव्या-बाराव्या वर्षी पाने पुसत शिकले, इंजिन डोळे झाकून उघडतील, पण कोष्टकाच्या जगात त्यांना कुणी नेलं नाही. म्हणून टर्बोची कामं आली की ते साफ सांगतात, ट्यून करणारा माणूस आणा, त्याच्यासमोर बसवतो, एकाच दिवसात दोन्ही कामं. तो दिवस ठरला नसेल तर टर्बो फळीवर राहील. गिऱ्हाईक जातं, शेजारच्या गाळ्यात बसवून घेतं. चाचा जाऊ देतात. गाडी डायनोपर्यंत चालवतच न्यावी लागली तर आधी कमी दाबाची, नव्या टर्बोसाठीची तात्पुरती फाईल टाकून घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. नाहीतर टोचन.

कायद्याचं थोडक्यात. आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीने न चालणाऱ्या बदलाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विम्याला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्वेअरच्या नजरेला पडला तर दाव्यावरून वाद ठरलेलाच. हप्ते चालू असलेल्या गाडीच्या मालकाने हा विचार बँकेच्या बाजूनेही करून बघावा.

भाच्याला मी "नको" म्हणालो नाही. एवढंच म्हणालो की काहीही बसवायच्या आधी, आहे त्याच टर्बोवर, ईदला येशील तेव्हा घाटात गाडीचे आकडे टिपून आण. तीन-साडेतीन हजारांचं डोंगल आणि फोनवर त्या गाडीचं अॅप, एवढ्यात ते होतं. घाटात फोन भाचीच्या हातात होता, तिने सगळं नोंदवलं. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं चाचांकडे बसलो. शीरखुर्म्याचा डबा मध्ये, शेजारी फोन.

घाटाच्या पायथ्याला इनटेकची हवा 41 अंश होती, माथ्यावर 63. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची ठिणगी जेमतेम दीड अंश मागे आली होती, तिसऱ्याची साडेचार. कंपनीचाच टर्बो, कंपनीचीच फाईल, काटा पंचेचाळीसच्या आसपास. नॉक सेन्सर आत्ताच काम करत होता.

भाचा बराच वेळ तो आलेख बोटाने मागेपुढे सरकवत बसला. मग त्याने विचारलं, तिसराच का? चाचांनी बॉनेट उघडायला लावलं, प्लग काढले. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे-चंदेरी ठिपके होते, मोहरी सांडावी तसे. चाचांनी तो उजेडात धरून त्याला दाखवला, काही बोलले नाहीत. नवे प्लग, इंटरकूलरची सफाई आणि प्रीमियम पेट्रोलच्या दोन टाक्या, एवढं आधी करायचं ठरलं. त्यानंतर घाटात पुन्हा आकडे घ्यायचे. टर्बोसाठी भरलेले दहा हजार विकणारा परत देत नाहीये, त्यावरून सध्या दोघांची फोनवर रोज वादावादी चालू आहे.